मुंबईच्या धावपळीत कॅथलिक श्रद्धा जगायची कशी? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

हा लेख कुणासाठी ते आधी सांगते, म्हणजे बाकीच्यांचा वेळ जायला नको. लग्न करून कॅथलिक घरात आलेल्या मुली (आणि मुलगेही, तेही असतात), लहानपणी फर्स्ट कम्युनियन (पहिल्यांदा पवित्र भाकर घेणं) झालं मग कॉलेज-नोकरीत सगळं सुटलं आणि आता तिशी-पस्तिशीत परत यावंसं वाटतंय असे लोक, दर बुधवारी माहीमला नोव्हेनाला (नऊ वेळा ओळीने म्हणायच्या प्रार्थनेला) जाणारे पण त्यापलीकडे काय असतं ते माहीत नसलेले, आणि ज्यांना नुसतंच कुतूहल आहे ते. आमच्या पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या लोकांत) मोठ्या माणसांचा जो वर्ग चालतो त्यात मी मदत करते आणि तिथे दर वर्षी पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वेळ कुठून काढायचा?" विरार किंवा कल्याणहून रोज ये-जा करणाऱ्याला रोज एक तास प्रार्थना करा म्हणणं म्हणजे त्याला घरी पाठवणंच आहे. म्हणून मी वर्गात उलट्या बाजूने सुरू करते, म्हणजे वेळापत्रक, पुस्तकं, नवस, नोव्हेना हे सगळं नंतर, आधी जो दिवस तुमच्याकडे आहे, गर्दीचा, घामाचा, बॉसच्या कटकटीचा, तोच देवाच्या हातात द्यायला शिका. बाकीच्या गोष्टी त्याच्याभोवती हळूहळू जमतात.

आता क्रमाने.

1. सकाळी उठल्यावर दिवस देऊन टाका

डोळे उघडले, मोबाईल हातात घ्यायच्या आधी, अंथरुणातच क्रूसाची खूण करा (कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने") आणि स्वतःच्या शब्दांत एवढंच म्हणा की प्रभू, आजचा दिवस, माझं काम, माझी चिडचिड, माझं हसणं, जे काय दुखेल ते, सगळं तुला देतोय, अमक्या माणसासाठी. संपलं. अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. याला सकाळचं अर्पण म्हणतात आणि हे कुणी आळशी माणसाने काढलेलं शॉर्टकट नाहीये, याच्यामागे फार छान गोष्ट आहे.

फ्रान्समधल्या वाल्स नावाच्या गावी जेझुईट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे तरुण शिकत होते. सगळ्यांना मिशनवर जायची घाई, कुणाला हिंदुस्थानात यायचं होतं, कुणाला अमेरिकेत, आणि त्या स्वप्नांपायी समोरच्या अभ्यासात कुणाचं लक्ष लागेना. 3 डिसेंबर 1844 ला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला, फादर गोत्रले यांनी त्यांना समजावलं की बाबांनो तुम्ही आत्तापासूनच मिशनरी व्हा, हा अभ्यास, ही रोजची कंटाळवाणी कामं देवाला अर्पण करा, त्याचा उपयोग तिकडे दूरवर काम करणाऱ्यांना होईल. त्यातून प्रार्थनेची जी चळवळ उभी राहिली ती आज पोपच्या जागतिक प्रार्थना नेटवर्कच्या नावाने चालू आहे. पोप दर महिन्याला एक हेतू देतात आणि जगभरचे लोक त्या महिन्यात आपला दिवस त्या हेतूसाठी अर्पण करतात. 'क्लिक टू प्रे' नावाचं ॲप आहे, त्यात तो हेतू मिळतो. ॲप नको असेल तर नका घेऊ, पण हेतू ठरवा. "अमक्यासाठी" हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्याने दिवस आपल्यापुरता राहत नाही. वॉचमनच्या आजारी बायकोसाठी, परीक्षेला बसलेल्या भाचीसाठी, ज्याच्याशी भांडण झालंय त्याच्यासाठीसुद्धा (हे जड जातं, करून बघा).

एवढं पंधरा दिवस जमलं तरच पुढच्या पायरीवर या. खरंच सांगते, सगळं एकदम सुरू करणारे लेंट (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) संपायच्या आत थकतात.

2. प्रार्थनेची जागा, म्हणजे मुंबईतला खरा प्रॉब्लेम

मत्तयच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे बापाशी बोल. आता दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या, दार लावलं तर शेजारची काकू विचारते काय झालं म्हणून. मग काय करायचं?

एक उपाय, वाटेतलं चर्च. माहीम, दादर, बांद्रा, कुर्ला, मालाड, बोरिवली, सगळीकडे चर्च आहेत आणि बरीचशी पहाटेच्या मिस्सासाठी (चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी) उघडतात. आत जाऊन शेवटच्या बाकावर पाच मिनिटं बसा. वेदीजवळ किंवा बाजूला एक छोटी पेटी असते आणि तिच्याजवळ सतत दिवा पेटलेला असतो, त्या पेटीत पवित्र भाकर ठेवलेली असते आणि कॅथलिक मानतात की तिथे ख्रिस्त खरोखर हजर आहे, म्हणून आत येताना गुडघा टेकवतात. काही बोलायची गरज नाही, नुसतं बसलं तरी चालतं.

दुसरा उपाय म्हणजे ट्रेन. हसू नका. जपमाळेची म्हणजे रोजरीची पाच रहस्यं (येशू आणि त्याची आई मारिया यांच्या आयुष्यातले प्रसंग) म्हणायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात, बांद्र्याहून चर्चगेटला पोचेपर्यंत आरामात होतात. माळ बाहेर काढायला संकोच वाटत असेल तर दहा मण्यांची अंगठी मिळते, माहीम चर्चच्या बाहेर किंवा माउंट मेरीला, ती बोटात फिरवत राहायची, कुणाला कळतही नाही. पद्धत सोपी आहे, प्रत्येक रहस्याला आधी एकदा "आमच्या स्वर्गातील पित्या", मग दहा वेळा "नमो मारिया", शेवटी "पित्याला, पुत्राला..." ही स्तुती. सोमवारी-शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची, ही शेवटची पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 मध्ये जोडली त्यामुळे जुन्या आज्यांना तीनच माहीत असतात, त्यांच्याशी वाद घालू नका.

तोंडाने नमो मारिया म्हणायचं आणि मनाने त्या रहस्यातलं चित्र बघायचं, म्हणजे समजा मारिया एलिझाबेथला भेटायला निघाली, डोंगराळ रस्ता, पोटुशी बाई दुसऱ्या पोटुशी बाईच्या मदतीला चाललीये. लक्ष उडणार. दादरला गर्दी घुसली की उडणारच, कुणाचं पाकीट, कुणाची छत्री, कुणाचं "आगे चलो ना". परत यायचं, बस. ज्याच्यामुळे लक्ष उडालं त्याच्याचसाठी पुढची नमो मारिया म्हणून टाकायची, ही युक्ती मला एका म्हाताऱ्या सिस्टरने दिली आणि अजून तिच्याहून बरी युक्ती मला मिळालेली नाही.

गावठाणात राहत असाल, किंवा जवळ एखादं असेल, तर मे महिन्यात क्रूसापाशी संध्याकाळी रोजरी म्हणतात तिथे जाऊन उभे राहा. मरोळ, चुईम, कलिना अशा जुन्या वस्त्यांत असे क्रूस रस्त्याच्या कडेलाच असतात. शेवटी चणे किंवा काहीतरी गोड वाटतात, लहान मुलं त्यासाठीच येतात आणि तेही बरंच आहे.

3. रविवारची मिस्सा

ही मात्र टाळता येत नाही. बाकी सगळं आपापल्या सोयीने कमीजास्त करता येतं, पण रविवारची मिस्सा हा कॅथलिक जगण्याचा कणा आहे आणि चर्च ती कर्तव्य म्हणून सांगतं. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, त्यामुळे रविवारी ड्युटी असणाऱ्या नर्सेस, हॉटेलवाले, सिक्युरिटीवाले यांची सोय होते. आजारी असाल, घरी आजारी माणूस सोडून जाता येत नसेल, तर ते पाप नाही, उगाच मनाला लावून घेऊ नका. रविवारशिवाय आपल्याकडे नाताळ आणि 15 ऑगस्ट हे दोन दिवस बंधनाचे. 15 ऑगस्टला मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो, त्यामुळे बऱ्याच पॅरिशमध्ये मिस्सा झाली की लगेच कंपाउंडमध्ये झेंडावंदन, मग चहा-वडा.

भाषा तुमच्या आवडीची निवडा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1962 ते 65 च्या त्या मोठ्या बैठकीनंतर, लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा होऊ लागली. मुंबईत इंग्रजी तर सगळीकडे असते, कोकणी, मराठी, हिंदी, तमीळ अशा मिस्साही होतात पण सगळ्याच चर्चमध्ये सगळ्या नसतात, गेटजवळच्या बोर्डावर वेळ आणि भाषा लिहिलेली असते. मुंबईत कॅथलिक म्हणजे इंग्रजी बोलणारा, असा जो समज आहे तो सोडून द्या. ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातले मूळचे कॅथलिक) आहेत, उत्तन-गोराईचे कोळी आहेत, वसईकर आहेत, नगर-मराठवाड्याकडून आलेले आहेत, यांची प्रार्थना मराठीतच आहे. मला तर वाटतं ज्या भाषेत तुम्ही आईशी भांडता त्या भाषेत प्रार्थना करावी.

पहिल्यांदा जाणाऱ्याची भीती असते ती उठ-बस करण्याची. पुढच्या बाकावर बसू नका, मध्यात बसा, समोरचे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. पहिल्या भागात बायबलमधली वाचनं होतात, मग फादर प्रवचन देतात, दुसऱ्या भागात भाकर आणि द्राक्षरस अर्पण होतो आणि लोक रांगेने कम्युनियन घेतात. बाप्तिस्मा झालेला नसेल तर कम्युनियन घ्यायचं नाही, पण हात छातीवर दुमडून रांगेत गेलात तर बऱ्याच ठिकाणी फादर आशीर्वाद देतात. बाप्तिस्मा झालाय पण गंभीर पाप मनावर आहे, तर आधी कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. आणि घेणार असाल तर तासभर आधीपासून पोटात अन्न नको, पाणी आणि औषध चालतं.

वाचनांबद्दल एक टीप देते, फार कामाची आहे. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने येतात, एक वर्ष मुख्यतः मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान अधूनमधून, विशेषतः लेंट आणि ईस्टरच्या दिवसांत. म्हणजे त्या रविवारी काय वाचणार हे आधीच ठरलेलं असतं. शनिवारी रात्री तो एक उतारा वाचून जा. नुसतं तेवढं केलं तरी प्रवचन अर्ध्याने जास्त कळतं, आणि प्रवचन कंटाळवाणं असलं (असतं कधीकधी, फादरही माणूसच) तरी हात रिकामे परत येत नाहीत.

कन्फेशनचं थोडक्यात सांगते कारण खूप दिवसांनी परत येणारे इथेच अडतात. बहुतेक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी फादर बसतात. आत जाऊन सरळ सांगा, "फादर, मी खूप वर्षांनी आलोय, कसं करायचं आठवत नाही." फादर स्वतः पुढे नेतात. तुम्ही सांगितलेलं ते कुणालाही सांगू शकत नाहीत, कोर्टातही नाही, मुद्दाम सांगितलं तर त्या क्षणी ते स्वतः चर्चमधून बहिष्कृत होतात इतका कडक नियम आहे. आपल्या पॅरिशच्या फादरांची लाज वाटत असेल तर दुसऱ्या चर्चमध्ये जा, मुंबईत हा फायदा आहे की पुढच्या स्टेशनावर तुम्हाला कुणी ओळखत नाही.

4. प्रेम, आणि ते घरापासून

इथे जरा थांबणार आहे मी, कारण प्रार्थना शिकवणं सोपं आहे पण लोकांची गाडी अडते ती इथे.

लिझ्यूची संत तेरेज माहीत असेल. फ्रान्समधली, 1873 ची जन्मलेली, पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली, चोविसाव्या वर्षी टीबीने वारली, मठाबाहेर कुठे मिशनवर गेली नाही. आणि 1927 मध्ये चर्चने तिला फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने मिशनची आश्रयदाती संत ठरवलं! एकीकडे गोवा, मलाक्का, जपान असा समुद्र तुडवणारा माणूस आणि दुसरीकडे चार भिंतींतली ही पोरगी. कसं काय? तिने दोन मिशनरी फादरांसाठी प्रार्थना करायचं काम घेतलं होतं, एक चीनला गेलेला, एक आफ्रिकेला निघालेला, आणि मठातली बारीकसारीक कामं, त्रास, दुखणं ती त्यांच्यासाठी अर्पण करायची.

तिने स्वतः लिहून ठेवलेला एक प्रसंग आहे. संध्याकाळच्या मनन-प्रार्थनेला तिच्या मागे एक सिस्टर बसायची, ती काहीतरी चमत्कारिक बारीक आवाज सतत करायची. तेरेजला वळून एकदा तरी रागाने बघावंसं वाटायचं, सहन करताना घाम फुटायचा. शेवटी तिने काय केलं, तो आवाज न ऐकण्याची धडपड सोडून दिली आणि एखादी मैफल ऐकावी तसा नीट ऐकायला लागली आणि तीच मैफल येशूला अर्पण केली. कपडे धुताना समोरची सिस्टर गढूळ पाणी तोंडावर उडवायची तेव्हाही तोंड मागे घ्यायचं नाही असं तिने ठरवलं.

लेडीज डब्यात माझ्या बाजूला कुणी फुल आवाजात रील्स लावले की मला ही बाई आठवते. मी मैफल वगैरे समजू शकत नाही, स्पष्ट सांगते, पण खोचक बोलणं गिळता येतं. वर्गात मी हेच सांगते की प्रेम म्हणून काहीतरी भव्य शोधू नका, जिथे तुम्हाला रोज टोचतं ती जागा शोधा. चौथ्या सीटवर अर्धं टेकायला कुणी मागितलं तर सरकणं. सासूने तीच गोष्ट परत सांगितली तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकणं. ऑफिसमध्ये ज्याची टर उडवतात त्याच्या बाजूला डबा घेऊन बसणं. घरी कामाला येणाऱ्या ताईंना सुट्टीचे पैसे न कापणं, हे तर मी प्रेमातही धरत नाही, हा न्याय आहे, पण रोज रोजरी म्हणणाऱ्या घरांत पैसे कापले जातात आणि ते मला खुपतं.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. नवरा मारतोय, सासर छळतंय, बॉस अंगाशी येतोय, अशा ठिकाणी "सहन कर, देवाला अर्पण कर" असा सल्ला कुणी दिला, मग तो देणारा कितीही धार्मिक असो, तर ऐकू नका. तेरेजने पाण्याचे शिंतोडे सहन केले, मारहाण नाही. तिथून बाहेर पडा, पोलिसांची, घरच्यांची, वकिलाची मदत घ्या.

माफीचंही असंच. "आमच्या स्वर्गातील पित्या" मध्ये आपण रोज म्हणतो की जशी आम्ही क्षमा करतो तशी आम्हाला क्षमा कर. खोलीच्या वाटणीवरून दोन भाऊ वीस वर्षं बोलत नाहीत अशी घरं मुंबईत कमी नाहीत, कॅथलिक घरं धरून. एकदम गळाभेट होणार नाही. त्याचं नाव सकाळच्या अर्पणात घ्यायला सुरुवात करा, मग नाताळला कुसवारचं (नाताळच्या फराळाचं) ताट त्याच्या घरी पाठवा. तो काय करेल ते त्याच्यावर सोडा.

5. मिशन म्हणजे स्टेज आणि माईक नव्हे

मिशन म्हटलं की लोक दचकतात, शेजारी काय म्हणतील, धर्मांतर वगैरे. म्हणून उघड बोलू. फसवून, आमिष दाखवून किंवा दबाव टाकून कुणाला आणणं हे कॅथलिक शिकवणीलाच मान्य नाही. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये लिहून ठेवलंय. मुंबईत तर हे रोज दिसतं, माहीमच्या सेंट मायकलमध्ये बुधवारची नोव्हेना 1948 पासून चालू आहे आणि रांगेत सगळ्या धर्मांचे लोक असतात, सप्टेंबरच्या जत्रेत बांद्र्याच्या डोंगरावर मोत माउलीला (म्हणजे माउंट मेरीला) मेणाचं घर, मेणाचे हात-पाय वाहणाऱ्यांना कुणी धर्म विचारत नाही.

मग मिशन काय उरलं? भरपूर. पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटलंय की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यपणे आणि आदराने. म्हणजे क्रम बघा, आधी त्याला विचारावंसं वाटलं पाहिजे. कपाळावर राख लावून राखेच्या बुधवारी ऑफिसला गेलात की कुणीतरी विचारतंच, "अगं कपाळाला काय लागलंय?" दोन वाक्यांत सांगा, की आमचा चाळीस दिवसांचा लेंट सुरू झाला, माणूस मातीचा आहे हे आठवायला राख लावतात, आज उपवास आहे. पुढे विचारलं तर पुढे बोला, नाही विचारलं तर चहा प्या (बिस्किटाशिवाय). शेजाऱ्यांच्या गणपतीला बोलावलं तर जा, त्यांच्या घरी कुणी वारलं तर सगळ्यात आधी जा. प्रसादाचं काय, आरतीला उभं राहायचं का, असे प्रश्न पडले तर फादरांना विचारा, पण त्या प्रश्नांपायी शेजार तोडू नका.

हाताने करायचं काम हवं असेल तर पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे का विचारा. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर ती सुरू केली. "तुमचा चर्च आता गरिबांसाठी करतो काय?" असा टोमणा त्यांना कुणीतरी मारला होता, त्याचं उत्तर म्हणून हे लोक गरिबांच्या घरी लाकूडफाटा घेऊन जायला लागले. आजही पद्धत तीच, दोघा-दोघांनी घरी जायचं, रेशन द्यायचं, पण मुख्य म्हणजे बसायचं, बोलायचं. वस्तीतल्या छोट्या गटाला आपल्याकडे एससीसी (स्मॉल ख्रिश्चन कम्युनिटी) म्हणतात, चार-पाच बिल्डिंगा किंवा एखादी चाळ मिळून, तिथे बायबल वाचतात, आजारी माणसाची खबर घेतात. नव्या माणसासाठी हे सगळ्यात सोपं दार आहे कारण चर्चमध्ये हजार माणसांत तुम्ही हरवता, इथे तुमचं नाव पहिल्याच दिवशी कळतं (आणि तुमच्या लग्नाची चौकशीही पहिल्याच दिवशी होते, तेवढं सहन करा).

पॅरिशबाहेर बघायचं तर बांद्र्यात माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे, 1986 मध्ये सुरू झालेलं, देशातलं पहिलं हॉस्पिस, जिथे बरं होण्यापलीकडे गेलेल्या कॅन्सरच्या रुग्णांची विनामूल्य काळजी घेतात. भायखळ्याला मदर तेरेसांच्या सिस्टर्सचं आशा दान आहे. अशा ठिकाणी आधी विचारून जा, काय लागतं ते त्यांनाच विचारा, आपल्या घरातले जुने कपडे नेऊन टाकू नका, आणि फोटो काढू नका. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास बाहेरगावचे नातेवाईक फुटपाथवर राहतात, त्यांच्याशी मराठी-हिंदीत पाच मिनिटं बोलायला, कुठल्या खिडकीवर कोणता कागद लागतो ते समजावून द्यायला कुठल्याही संस्थेची परवानगी लागत नाही. रक्त देता येत असेल तर द्या. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या वेळी येशू हेच विचारतो, भुकेल्याला दिलंस का, आजाऱ्याला भेटलास का. पाठांतर विचारत नाही.

ऑक्टोबरमध्ये शेवटून दुसऱ्या रविवारी मिशन संडे असतो, पोप अकरावे पायस यांनी 1926 मध्ये सुरू केलेला. आपल्याकडे त्या दिवशी खाण्याचे स्टॉल, हाऊजी, गोंगाट. पैसे गरीब मिशनांकडे जातात. नव्या माणसाने स्टॉलवर उभं राहावं, दोन तासांत अर्धी पॅरिश ओळखीची होते.

6. रात्री मागे वळून बघा

जेझुईट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची पद्धत आहे. झोपायच्या आधी पाच मिनिटं, आधी आज चांगलं काय मिळालं त्याबद्दल आभार, मग सकाळपासूनचा दिवस सरकवत बघायचा, कुठे देव जवळ वाटला, कुठे आपण तोंड फिरवलं, जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्याच्या एका गोष्टीसाठी मदत. एकाच. वही ठेवली तर उत्तम, नाही ठेवली तरी चालतं. झोप लागली मध्येच तर लागू द्या, लेकराला बापाच्या समोर झोप लागली तर बाप रागावत नाही.

7. अडचणी येतील त्या

दोन-तीन महिन्यांनी एकदम सगळं कोरडं वाटायला लागतं. काही वाटतच नाही, रोजरी म्हणजे नुसती बडबड. हे सगळ्यांना होतं, मदर तेरेसांनाही कित्येक वर्षं झालं, त्यांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली तेव्हा लोकांना कळलं. अशा वेळी प्रार्थना वाढवू नका, कमीही करू नका, जेवढी ठरली आहे तेवढीच चालू ठेवा. पण झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं झालं, तर ते कोरडेपण नाही, डॉक्टरकडे जा, आणि फादरांशीही बोला.

व्हॉट्सॲपवर "ही प्रार्थना बारा जणांना पाठवा नाहीतर अनिष्ट घडेल" असं आलं की सरळ डिलीट करा. चर्चमध्ये नोव्हेनाच्या चिठ्ठ्या ठेवून जातात, अमुक इतक्या कॉपी काढा वगैरे, त्याही तशाच. देवाशी सौदा होत नाही.

घरात फक्त तुम्ही एकटेच जात असाल, नवरा किंवा बायको दुसऱ्या धर्माचे, तर कुणालाही ओढू नका, रविवारी परत येताना त्यांच्यासाठी नाश्ता घेऊन या. मुलांचं काय करायचं हे लग्नाआधीच फादरांसमोर बोलून ठेवलेलं बरं असतं, झालं नसेल तर आता बोला.

बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर पॅरिश ऑफिसमध्ये जाऊन मोठ्यांच्या वर्गाची चौकशी करा. घाई नसते, बरेच महिने तयारी चालते, सहसा ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा होतो, आणि मधेच थांबावंसं वाटलं तर थांबता येतं, कुणी जाब विचारत नाही. आधीच बाप्तिस्मा झालेला असेल पण सर्टिफिकेट हरवलं असेल तर ज्या चर्चमध्ये झाला तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद असते, साधारण वर्ष आणि आई-बाबांची नावं सांगितली की शोधून देतात. जाताना रविवारी मिस्सानंतर लगेच जाऊ नका, तेव्हा तिथे मिस्साचे इंटेन्शन (मिस्सा कुणासाठी म्हणायची ते) द्यायला आणि लग्नाच्या तारखा घ्यायला गर्दी असते. आठवड्यात मधल्या वारी संध्याकाळी जा आणि ऑफिसच्या वेळा आधी बोर्डावर बघून घ्या, दुपारी बंद असतं.